विरंगुळ्याचा रकाना
मोजल्याशिवाय स्त्रियांचं कल्याण होत नाही, अशी आमच्या विद्यापीठाची श्रद्धा होती. सुक्या बोंबलांचा वास आला की मला समुद्रकाठच्या पाली गावातली ती कोळीण आठवते. बोंबील वाळत घालायचे सोडून ती माझ्यासमोर बसली होती. "मावशी, आठवड्यात विरंगुळा किती?" मी विद्यापीठाच्या पाहणीच्या फॉर्ममधून वाचलं. तिने सुनेला हाक मारली, "आपल्याकडं विरंगुळा हाय का गो?" आतून उत्तर आलं, "न्हाय, रेशन कार्ड हाय." रकाना रिकामा राहिला तर फॉर्म बाद होणार होता, म्हणून मी अर्थ सांगितला, काम सोडून नुसतं बसणं. "मग आता तुझ्यासमोर बसलेय, तोच," ती म्हणाली. "लवकर लिही, ऊन चाललंय." मी वीस मिनिटं लिहिली. आमच्या अहवालात तिचा आठवड्याचा विरंगुळा अजून तेवढाच आहे.