बांड्याचा खांदा

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीत गुरुजी माझी वही लाल पेनानं रंगवून परत द्यायचे. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, तिथं पोरींना पाठवत नसत, म्हणून तिथंच थांबलं. हे मी लेकीच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी कोणाच्या हाती लागलंच तर चुकांची माफी असावी. बोटं कोयत्याला सरावली आहेत, पेन धरला की अवघडतात.

उमापूरच्या बाजूला आमचं गाव. दिवाळी झाली की मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन आम्ही ऊसतोडीला निघतो. आमच्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाच्या वहीत ह्यांचं नाव असतं आणि पुढं 'कोयता एक'. त्या एकात मी असते.

त्या साली आम्ही जिल्ह्यातल्याच एका कारखान्यावर होतो, तोडकऱ्यांच्या तळावर झोपडीवजा कोपी घालून. आमची बैलगाडी होती. एक बैल पांढरा आणि दुसरा काळा-पांढरा, त्याला आम्ही बांडा म्हणायचो. बांडा आमच्या दावणीला जन्मला. आठ दिवसांत त्याची आई गेली. मी त्याला बाटलीनं दूध पाजलं तेव्हा माझी लेक पोटात होती. दोघं एका वयाचे. लेक रांगायला लागली तेव्हा तो तिला हुंगून बाजूला व्हायचा, पाय पडू द्यायचा नाही.

अवसेला आम्ही बैल जुपत नाही. पौषातली अवस होती आणि बांड्याचा खांदा दोन दिवसांपासून गरम लागत होता, म्हणून मला बरंच वाटलं होतं. तळावरच्या साखरशाळेत मॅडमनी त्या दिवशी पोरांना सिनेमा दाखवायचं ठरवलं. पत्र्याच्या खोलीला आतून घोंगड्या लावून अंधार केला आणि भिंतीवर पांढरं लुगडं ताणलं. मी लेकीला भाकरी द्यायला गेले होते. मॅडम म्हणाल्या, "ताई, बसा ना." मला माणसांत बसवत नाही. मी दाराशीच उभी राहिले, घोंगडीची कड धरून.

सिनेमा लढाईचा होता. बर्फाचे डोंगर, आणि त्यावर एक खेचर दारूगोळ्याच्या पेट्या वाहत होतं. बोली मला निम्मीच कळत होती, पण खेचराला काय होतंय ते कळायला बोली लागत नाही. त्याच्या खुरावर नंबर घातलेला होता. साहेब लोक त्याला नंबरनंच बोलवायचे. त्याला सांभाळणारा शिपाई माझ्यासारखाच, कोणापुढं तोंड न उघडणारा. खेचराच्या पाठीवर खोगिराखाली जखम झाली. शिपायानं ती लपवली, रोज तेल लावलं, पण एका चढावर खेचर बसलं. साहेब म्हणाला, याला इथंच सोडा, नंबर खोडून टाका. शिपायानं खेचराच्या पाठीवरची पेटी सोडली, आपल्या पाठीवर बांधली, खेचराला उठवलं आणि त्याचा दोर हातात घेऊन चालायला लागला. मागून साहेब ओरडत होता. माझ्या हातातली भाकरी तशीच होती.

तेवढ्यात घोंगडी फाटकन बाजूला झाली आणि आत उजेड शिरला. मुकादम.

"चला, गाड्या जुपा! कारखान्यात ऊस कमी पडलाय. सिनेमा बघायला आणलं का तुमाला?"

"आज अवस हाय," कोणीतरी म्हणालं.

"कारखान्याला अवस नसती बे. जुपा."

शेवट बघायचा राहिला. आमच्या मालकांनी, म्हणजे ह्यांनी, गाडी जुपली. मी म्हणाले, बांड्याचा खांदा बघा. ते म्हणाले, एक खेप तर हाय. एकीच्या तीन झाल्या. तिसऱ्या खेपेला कारखान्याच्या चढावर बांडा गुडघ्यावर बसला. जू काढलं तर खांद्यावर लिंबाएवढी गाठ, आणि ती फुटलेली. खांदा आला होता. आलेल्या खांद्याचा बैल गाडी ओढत नाही, आणि ओढवला तर मरतो. हे सगळ्या तळाला माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम जनावरांचा एक व्यापारी आणि टेम्पो घेऊनच आमच्या कोपीपुढं आला. मालक मान खाली घालून उभे होते.

"देऊन टाक बे. आलेलं मोल घे, वर थोडी उचल देतो, दुसरा बैल घे. हंगाम बुडवतो का?"

मालक म्हणाले, "बघतो."

"बघतो काय? टेम्पोचं भाडं कोण देतं?"

व्यापाऱ्यानं दाव्याला हात घातला. बांडा मागं सरला आणि माझ्याकडं बघायला लागला. लहानपणी बाटली बघून बघायचा, तसाच. मी तोपर्यंत मुकादमापुढं कधी बोलले नव्हते. त्याची चाहूल लागली की पदर ओढून कोपीत जायची. त्या दिवशीही पदर ओढला. पण आत गेले नाही. पुढं होऊन दाव्यावर हात ठेवला.

"न्हाई द्यायचा," मी म्हणाले.

"काय?"

"बैल न्हाई द्यायचा."

मुकादम हसला. मालकांना म्हणाला, "तुझ्या घरात कोण बोलतं बे? वैनी, जनावर हाय ते, माणूस न्हाई. कावून एवढा जीव काढता?"

"माणसाला तरी तुमी माणूस म्हणता का? आमाला कोयता म्हणता. त्योबी अर्धा माझा."

मागं शेजारच्या कोपीतली आत्या होती, साठीची. तिनं मोठ्यानं "आगं बया" म्हटलं. मुकादमाचं हसू गेलं.

"मग गाडी कोण वडणार? तू?"

तेव्हा माझ्या डोळ्यापुढं तो शिपाई आला. पाठीवर पेटी, हातात दोर. मी म्हणाले, "गाडी लावून टाका. आमाला डोकीत घाला."

ज्यांच्याकडं गाडी नसते ते उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवतात. त्यांना डोकीवाले म्हणतात. गाडीवाले त्यांच्यापुढून ताठ चालतात. आम्हीपण तसेच चालायचो, खोटं कशाला लिहू. मालकांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

"उचल गाडीच्या हिशोबानं घेतलेली हाय," मुकादम म्हणाला. "डोकीत ती फिटती का? वरचे पैसे कोण देणार?"

"मी फेडीन."

"कधी?"

"फेडीपर्यंत."

टेम्पो रिकामा गेला. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पांढरा बैल त्यांनी एका गाडीवानाला जोडीला दिला, कारण त्याचा एक बैल आजारी होता. मग फडक्याची चुंबळ करून घेतली आणि माझ्या आधी मोळी डोक्यावर घेतली. फळीवर चढताना फक्त एवढं म्हणाले, "पाय जपून टाक. वली हाय."

बांड्याला मी जनावरांच्या डॉक्टरांकडं चालवत नेलं. सुई झाली, मलम मिळालं. रोज तोडीहून आल्यावर मी जखम लिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्यानं धुवायची. जखम सुकल्यावर खांद्याला हळद-तूप लावून चोळायला लागले, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला चोळून बैलाला जेवायचं आवतण देतो, तसंच. तळावरच्या गाडीवाल्यांना मोठी मजा वाटली.

"काय वैनी, पोळा आला का माघात?"

"वैनी, आवतण दिलं का? उद्या जेवायला येतो का बैल?"

मी मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बांड्याच्या कानाशी म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आणि खरंच दुसऱ्या दिवशी गुळाची पोळी करून त्याला घातली. लेक खिदळत होती. आत्या म्हणाली, "आमाला न्हाई का गं पोळी? आमचाबी खांदा आलाय." तिलाही दिली अर्धी.

डोक्यावरचे केस मधोमध झडले. मान रात्रभर ठणकायची. काही दिवस असे गेले की फळीवर उभी असताना वाटायचं, दिला असता तर बरं झालं असतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. वाटायचं, आणि मी पुढची मोळी घ्यायची.

हंगाम संपत आला तेव्हा साखरशाळेच्या मॅडम भेटल्या. म्हणाल्या, "ताई, तो सिनेमा तुमचा अर्धा राहिला. उरलेला दाखवू का मोबाईलवर?"

मी विचारलं, "त्या शिपायानं पेटी खाली टाकली का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही. पण शेवटी खेचर..."

"नका सांगू," मी म्हणाले. "त्यानं पेटी टाकली न्हाई ना? मग झालं."

अजून मला त्या खेचराचं काय झालं माहीत नाही. विचारायचं नाही असं ठरवलं आहे. लेकीनं पुढं तो सिनेमा बघितला, पण माझ्यापुढं बोलत नाही.

बांड्याचा खांदा भरला. तिथं आता पांढरे केस आलेत, हातभर लांबूनसुद्धा दिसतात. उसाच्या गाडीला मी त्याला पुन्हा जुपू दिलं नाही. रानात पेरणीपुरता चालतो, तोही जुवाला गोणपाट गुंडाळून. गावात म्हणतात, हिचा बैल जावई आहे. असू द्या.

वरचे पैसे फेडायला तो हंगाम पुरला नाही. पुढचाही आम्ही डोकीतच गेलो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मालक म्हणाले, "मी देऊन येतो मुकादमाला." मी म्हणाले, फेडीन असं मी बोलले होते, मी येते.

मुकादमाच्या ओट्यावर मी पदर नीट केला आणि पिशवीतून पैसे काढून ठेवले. त्यानं दोनदा मोजले. मग वही पुढं ओढून म्हणाला, "फिटलं. जा."

"लिहा," मी म्हणाले.

"काय?"

"फिटलं म्हणून लिहा. माझ्या नावानं."

त्यानं मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, "बोलली ती. लिहा की."

त्यानं लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी माझ्याकडं सरकवली. मी ती बाजूला केली आणि पेन मागितला. नाव लिहायला मला वेळ लागला. बोटं अवघडली, घाम आला, मुकादम पायानं जमिनीवर ताल धरून बसला होता. मी पूर्ण नाव लिहिलं, स्वतःचं, गावाचं, सगळं.

वेलांटी चुकली असेल. पैसे मात्र पुरे होते, एकही बाकी राहिला नाही.