प्लास्टरमधले भावोजी

मोडलेल्या पायाची मजा आमच्या धाकट्या भावोजींनी जेवढी लुटली, तेवढी अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात धडधाकट दोन पायांची कोणी लुटली नसेल. पाय मोडला दिवाळीनंतर, मोटारसायकलवरून पडून. पावसहून येताना उतार लागला की भावोजी इंजिन बंद करत. पेट्रोल वाचतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे रस्ता एक तर चढ नाही तर उतार, त्यामुळे त्यांचा अर्धा प्रवास देवाच्या भरवशावर फुकट व्हायचा. त्या दिवशी गाडी अशीच गुपचूप खाली येत होती. वळणावरच्या म्हशीला काही ऐकूच आलं नाही आणि ती निवांत रस्ता ओलांडायला लागली. तिला चुकवून भावोजी कुंपणाच्या जांभ्या दगडी गडग्यावर आदळले. म्हशीला खरचटलंही नाही. भावोजींची डाव्या पायाची नळी मोडली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस कण्हेल, निदान पाणी तरी मागेल. तर म्हणाले, "वैनी, तिने हात दाखवला नाय हो!"

भावोजींनी लग्न केलेलं नाही आणि आमचे हे मुंबईला नोकरीत, तेव्हा शुश्रूषा माझ्याकडे आली. मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून त्यांनी ओटीवरच्या खाटेवर दरबार भरवला. कोणी शहाळं आणी, कोणी बिस्किटं, आणि प्रत्येकाला अपघाताची गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागे. गोष्टीतली म्हैस रोज वाढत होती. आठवड्याभरात तिचा रेडा झाला आणि तो जाणूनबुजून दबा धरून बसलेला होता, इथवर मजल गेली. नेमका त्याच दिवशी म्हशीचा मालक भेटायला आला, आणि येताना तिचंच तांब्याभर दूध घेऊन आला. दुसरा कोणी असता तर भांडला असता. भावोजींनी दूध पिऊन मिशा पुसल्या आणि विचारलं, "ती कशी हाय?"

"चरते बरी," मालक म्हणाला. "पन दूध जरा आटलंय. धसका घेतलान् बिचारीनं."

झालं. त्या दिवसापासून माझ्या घरातली भाताची पेज रोज म्हशीकडे जायला लागली. "दोघं एकाच अपघातातले आम्ही," भावोजी मला समजावत, "तिची कोण विचारपूस करतंय?"

औषधाला ते कधी नाही म्हणत नसत, कोणाचंही असो. शेजारणीने मुठ्यांचं कालवण दिलं, हाडाला खेकडा चांगला म्हणून, ते खाल्लं. मावशीने नाचणीचं सत्त्व दिलं, तेही खाल्लं. मग राजापूरकडचा एक हाडवैद्य आला आणि झाडपाल्याचा लेप वाटून बसला. लेप लावायचा कुठे? डावा पाय प्लास्टरमध्ये. वैद्य उठायला लागला तर भावोजींनी उजवा पाय पुढे केला. "हिकडे लावा. ह्याचं बघून तो शिकेल." दुसऱ्या दिवशी उजवा पाय दुधी भोपळ्यासारखा सुजला आणि त्याला अशी खाज सुटली, की भावोजी मोडलेला पाय विसरून धडधाकट पाय धरून ओरडायला लागले. मी खोबरेल चोळता चोळता म्हटलं, "शिकला का तो?" तर म्हणाले, "वैनी, गुण यायला येळ लागतो."

एवढा सगळा खटाटोप शिमग्यासाठी होता. शिमग्यात आमच्या ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि अंगणात चौघे जण ती खांद्यावर घेऊन नाचवतात. त्यातली पुढची उजवी जागा आमच्या घराची. आधी सासरे, मग भावोजी. ज्याने एका शिमग्याला खांदा लावला नाही, त्याची जागा दुसऱ्या घराला जाते, असा वाडीचा रिवाज. आणि पालखीला मागे खांदा लावणारा वरच्या घरचा चुलतभाऊ भेटायला येताना शहाळं कमी आणि पायाकडे लक्ष जास्त देत असे. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाय थोडा आखूड झालाय, चालाल, पण नाचाचं नाव काढू नका. भावोजी म्हणाले, "नाचतो कोण? देवी नाचते. मी आपला खाली असतो." घरी येऊन त्यांनी भाताचं मुसळ खांद्यावर घेऊन सराव सुरू केला. पहिल्याच गिरकीला माझी लोणच्याची बरणी गेली. मी मुसळ काढून घेतलं, तर उखळ उचलायला निघाले.

शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली. मी ओटी भरली. ढोल वाजायला लागला आणि भावोजी काठी माझ्या हातात देऊन पुढे झाले. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, राहू दे." भावोजींनी ऐकलं नाही. खांद्यावर दांडी घेतली, पहिलं पाऊल टाकलं आणि आखूड पायाबरोबर पालखी एका बाजूला अशी कलली, की बायका ओरडल्या. मी काठी टाकून धावणार, तेवढ्यात मागच्याने आपला पाय तसाच टाकला. मग शेजारच्याने. मग चौथ्याने, आणि तो चौथा म्हणजे चुलतभाऊच होता. चौघे एकदम लंगडायला लागले आणि पालखी सरळ झाली. ढोलवाल्यानेही ठेका बदलला. चार दांडगे बाप्ये एका ठेक्यात लंगडत अंगणभर फिरताहेत, असला नाच देवीने कधी पाहिला नसेल. आम्ही बायका पोट धरधरून हसलो.

एक फेरी झाली आणि भावोजींनी आपण होऊन दांडी दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर दिली. जागा आमच्या घराकडेच राहिली होती. पालखी पाखाडीच्या पायऱ्या उतरत खालच्या घराकडे निघाली, आणि भावोजी त्यात नसतानाही चौघे लंगडतच नाचत होते.

"बघा वैनी," ते म्हणाले, "मेले नक्कल करतायत माझी."

"करू देत," मी म्हटलं. "तुम्ही आधी खाली बसा."

आणि ते बसले. एका शब्दासरशी, उलट उत्तर न देता, पायरीवर पाय लांब करून बसले. मी कितीतरी महिने हेच सांगत होते. पण त्यांनी ऐकलं तेव्हा मला ते मुळीच आवडलं नाही.