चिंचेनं घासलेलं डब्लिन

अमेरिकेत हर्नडनला आमच्या शेजारी एक आयरिश वंशाचे आजोबा एकटेच राहायचे. त्यांच्याकडे पणजोबांचं चकमकीचं पिस्तूल होतं. अक्रोडाची मूठ, तिच्यात चांदीच्या तारेची बारीक वेलबुट्टी, पुढे पितळी नळी. मी डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेली. ती वेलबुट्टी मला पाठ झाली होती. “ही नजाकत इंग्रजांना बापजन्मी जमायची नाही,” हे त्यांचं पालुपद. नळीवर ‘डब्लिन’ कोरलंय, काळवंडल्यामुळे दिसत नाही इतकंच, असंही सांगायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात. शस्त्रं कसली डोंबलाची! नवऱ्याचा लॅपटॉप, एक स्क्रूड्रायव्हर आणि सामानात लपवून आणलेली माझी विळी. हे ऐकून आजोबांना राहवेना. “खरं शस्त्र मी देतो,” म्हणाले आणि मखमलीत गुंडाळलेलं पिस्तूल माझ्या हातात ठेवून गेले.

आता असं काळंकुट्ट पितळ देवापुढे ठेवायचं? मला काही बघवेना. चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि घासायला बसले.

“अगं बाई, अँटिक आहे ते!” नवरा ओरडला. “काळं असण्यातच त्याची शान असते!”

“हे तुझ्या आईसमोर म्हणून दाखव,” मी म्हटलं.

आधी शेवटचा ‘एन’ उजळला. म्हटलं, आलं डब्लिन! आजोबा काय खूश होतील! मग त्याच्या अलीकडे ‘ओ’ आला. डब्लिनमध्ये तिथे ओ कुठला? आणखी घासलं, तर अख्खं ‘लंडन’ लखलखत वर आलं.

मी चिंच खाली ठेवली. त्या माणसाची बायको गेलेली, मुलं फोनसुद्धा करत नाहीत. मिरवायला हे एवढंच होतं, आणि मी ते चिंचेनं धुऊन काढलं. मेले हात माझे!

पूजेला हळदकुंकू पाण्यात घट्ट कालवलं आणि त्या सहा अक्षरांवर चांगलं जाड थापलं. दसऱ्याला पिस्तूल परत करताना चेहरा जमेल तितका धार्मिक केला. “हे पुसायचं नसतं हं, आजोबा. देवाचं असतं.”

त्यांनी चकचकीत नळी पाहिली. मग त्या लाल थरावरून हलकेच अंगठा फिरवला, नेमका पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

“माझे वडील इथे काळं मेण लावायचे,” ते म्हणाले. “तुझा रंग जास्त छान आहे.”