लाल टिकलीचा डबा

धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणाला पांढऱ्या चॉकलेटचे ट्रफल करून आणते, असं मी फोनवर बोलून गेले आणि फोन ठेवल्याबरोबर पस्तावले. मला ट्रफल येत नव्हते असं नाही. आकुर्डीतल्या आमच्या सोसायटीत दोन दिवाळ्या मी ते वाटले होते आणि लोकांनी रिकामे डबे परत देताना तोंडभरून कौतुक केलं होतं. भीती वेगळीच होती. गेल्या वर्षी बहिणीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला होता. आता सातवा लागला होता, आणि तिच्या तोंडात जाणारी कुठलीच वस्तू आपल्या हातची नको, असं मला मनातून वाटत होतं. पण आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मीच. माहेरहून काही गोडधोड गेलं नसतं तर तेही बरं दिसलं नसतं.

तिचं सासर चाकणच्या अलीकडच्या एका गावात. शेतकऱ्याचं घर, अर्धी जमीन कंपन्यांकडे गेलेली, अर्ध्या जमिनीत अजून कांदा. सासूबाई मायाळू बाई, पण गेल्या वर्षीपासून सुनेच्या खाण्यावर त्यांचा कडक पहारा. पपई नाही, अननस नाही, तीळ नाही, बाहेरचं काही नाही. ही यादी त्यांनी मला दोनदा ऐकवली होती. मी डिप्लोमा केलेली बाई. चाकणच्याच एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम करते. असल्या याद्यांना मी हसते. हसते आणि गपचूप पाळते.

ट्रफलसाठी मी गुरुवार धरला, कारण आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. लाइटही दुरुस्तीसाठी गुरुवारीच जाते, हे इतकी वर्षं इथं राहून मला ठाऊक नसावं याला काय म्हणायचं. सकाळी आंब्याचा आणि जांभळाचा गर आटवून झाला. पांढरं चॉकलेट हे फार मानी प्रकरण आहे. त्यात पाण्याचा एक थेंब पडला की ते रुसतं, घट्ट होतं, ओल्या रव्यासारखं दाणेदार होतं आणि मग कितीही मनधरणी करा, वळत नाही. फळांत तर पाणीच पाणी. म्हणून गर इतका आटवायचा की चमचा फिरवला की भांड्याचा तळ दिसायला हवा. मग त्यात साय, मग वितळलेलं चॉकलेट. गार झालं की गोळ्या वळायच्या आणि परत पांढऱ्या चॉकलेटात बुडवायच्या.

फ्रीझरमध्ये जपून ठेवलेल्या स्ट्रॉबेरीची पाळी आली आणि लाइट गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीला आमच्याकडे शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे भर दुपारी अंधार. गरम पाण्यावरून चॉकलेटचं भांडं उचलताना भांड्याच्या बुडाखालचं पाणी नेमकं आत ओघळलं, आणि न दिसल्यानं मी चॉकलेट तसंच स्ट्रॉबेरीच्या गरात ओतलं. पुढच्या मिनिटाला सगळं चॉकलेट रुसून बसलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि एक शिवी दिली, ती कुणाला ते माझं मलाच कळलं नाही.

चाळीस बायका येणार होत्या. आंबा-जांभळाच्या गोळ्या पुरणार नव्हत्या, स्ट्रॉबेरी सगळी वाया गेली होती. अर्धी लादी पांढरं चॉकलेट शिल्लक होतं, आणि टेबलावर नवऱ्यानं स्वतःसाठी आणलेला अननस होता. मी तो कापला. गर आटायला लागला तसा घरभर वास सुटला, आणि त्या वासाबरोबरच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण अननस काही बहिणीसाठी नव्हता, चाळीस बायकांसाठी होता. तिला आंब्याचा देऊ, जांभळाचा देऊ. डबा वेगळा ठेवला की झालं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गोळ्या वळून, बुडवून, गार होऊन तयार झाल्या आणि मग लक्षात आलं की बाहेरून सगळ्या एकसारख्याच पांढऱ्या. डब्यांवर खूण हवी होती. घरात रंगीत स्टिकर कुठले? माझ्या ड्रॉवरमध्ये टिकल्यांची पाकिटं होती. आंबा आणि जांभळाच्या डब्यांवर मी हिरव्या टिकल्या लावल्या आणि अननसाच्या डब्यावर लाल, चांगली मोठी. आमच्या कंपनीत हिरवी खूण म्हणजे माल पास. लाल खूण म्हणजे नापास. लाल पेटीतल्या मालाला कुणी हात लावत नाही, कुणाला सांगावं लागत नाही, विचारावं लागत नाही.

नवऱ्यानं विचारलं, "टिकल्या कशाला?"

"लाल म्हणजे रिजेक्ट. तिला द्यायचं नाही."

तोही कंपनीतलाच, त्याला एका शब्दात समजलं. आम्हा दोघांना समजलं म्हणजे जगाला समजलं, असं मी धरून चालले.

रविवारी दोघांनी रजा टाकली आणि तळवड्यावरून निघालो. कंटेनरच्या मागे कंटेनर. गाडीतला एसी पूर्ण चालू ठेवून, डबे मांडीवर घेऊन मी बसले होते आणि दर पाच मिनिटांनी डब्याच्या बुडाला हात लावून बघत होते. मला वाटत होतं, आजची भीती ही वितळण्याचीच आहे. पोहोचल्यावर सासूबाईंच्या हातात डबे दिले आणि म्हटलं, "मावशी, फ्रिजमध्ये ठेवा लगेच." पुढचं सांगणार तेवढ्यात बहिणीला फुलांचे दागिने बांधायला मला आतून हाक आली. मी गेले. मोगऱ्याचा बाजूबंद तिच्या सुजलेल्या दंडाला पुरेना, दोरा वाढवावा लागला. त्या नादात डब्यांचं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

अंगणात मांडव होता. हिरव्या साडीत, फुलांनी मढवलेली माझी बहीण पाटावर बसली. ओटी भरून झाली, गाणी म्हणून झाली, आणि सासूबाई ताट घेऊन तिला भरवायला बसल्या. करंजीचा तुकडा, बर्फीचा तुकडा, आणि मग एक पांढरी गोळी. बहिणीनं अर्धी तोडली. उरलेली अर्धी सासूबाईंच्या बोटांत होती. आतला रंग आंब्याचा केशरी नव्हता, फिका पिवळा होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मला अननसाचे तंतूसुद्धा दिसले.

"ताई, लई गुणाच्या हाय तुमी," सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "लाल टिकली लावून येगळा डबा केला हिच्यासाठी. म्या बघितलं आन् म्हटलं, ह्यो माहेरचा मान. दुसऱ्या कुणाला हातच लावू दिला न्हाई."

त्यांचं काय चुकलं होतं? सवाष्णीच्या समारंभात लाल टिकली लावलेला डबा दुसऱ्या कुणाचा असणार? जगात सगळीकडे लाल टिकलीचा जो अर्थ आहे तोच त्यांनी घेतला होता. कंपनीचा अर्थ घरात घेऊन आलेली मी एकटीच.

बहिणीनं उरलेली अर्धीही खाल्ली. मग म्हणाली, "अजून एक द्या ना." सासूबाईंनी दुसरी भरवली. बायका कौतुकानं हसल्या. त्या घडीला मी बोलले असते तर चाळीस बायकांसमोर सासूबाईंचा चेहरा उतरला असता, बहीण जागच्या जागी हबकली असती, आणि घशाखाली गेलेलं काही परत आलं नसतं. नाही बोलले, आणि पुढं काही झालं, तर? मी पाण्याचा ग्लास घेऊन मांडवाच्या कडेला जाऊन बसले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दिवसातून तीनदा फोन. "बाळ हलतंय ना?" पहिल्या दिवशी ती हसली, दुसऱ्या दिवशी वैतागली. नेटवर अननस आणि गरोदरपण यावर जेवढं सापडलं तेवढं वाचून काढलं. थोडासा खाल्ला तर काही होत नाही, असं बहुतेक ठिकाणी लिहिलं होतं. ते वाचून माझं समाधान व्हायचं नाही. मी पुढं पुढं जायचे आणि कुठं उलटं लिहिलेलं सापडलं की तिथं थांबायचे. मंगळवारी कामावर चांगला माल मी हातानं लाल पेटीत टाकला. सुपरवायझरनं उचलून दाखवला, "मॅडम, काय झालं याला?" मी तो परत पास मालात ठेवला.

बुधवारी दुपारी सासूबाईंचा फोन आला. "ताई, तिचं प्वाट कडक झालंय. दवाखान्यात नेतोय."

दवाखाना चाकणमध्येच, माझ्या कंपनीपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गेले तेव्हा बहीण खाटेवर पडली होती, पोटावर पट्टे बांधलेले, आणि यंत्रातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज खोलीभर येत होता. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, पोट चाचपलं आणि म्हणाल्या, या महिन्यांत अधूनमधून असं पोट कडक होतं, पाणी जास्त प्या, सगळं व्यवस्थित आहे. सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं, मग सुनेकडे वळून विचारलं, "सकाळधरनं काय काय खाल्लं व्हतंस?" तिनं एकेक सांगितलं. सासूबाई औषधं आणायला खाली गेल्या. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. रविवारी तू जे खाल्लंस ना, त्यात अननस होता."

"माहितीये," ती म्हणाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या घासालाच कळलं. म्हणून तर दुसरा मागितला. चार महिने झाले ताई, मला अननस खावासा वाटतोय. कुणाला सांगायची सोय नाही. डोहाळजेवण माझं, आणि मला काय खावंसं वाटतंय ते त्या चाळीस जणींत एकीनंही विचारलं नाही." ती हसली. किती दिवसांनी तिला असं हसताना बघत होते. "तुला मात्र न सांगता कळलं. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, ताईनं ते मागं घेतलं."

"काय मागं घेतलं?"

"गेल्या वर्षी मी दवाखान्यातून तुला फोन केला होता. तू पहिल्यांदा काय विचारलंस, आठवतंय?"

आठवत नव्हतं. मग आठवलं. काय खाल्लं होतंस, असं मी विचारलं होतं.

"घरातल्यांनी विचारलं त्याचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "तू शिकलेली. तू विचारलंस म्हणून मग मी वर्षभर स्वतःला तेच विचारत बसले. मी काही खाल्लं नव्हतं, ताई. सांगतील तेवढंच खात होते. तरी गेलं."

मला गप्प बसता आलं असतं. तिनं आपण होऊन माझ्या पदरात एवढं चांगलं काही टाकलं होतं, ते घेऊन घरी जाता आलं असतं, आणि तिलाही बरंच वाटलं असतं. पण माझ्याच्यानं ते झालं नाही.

"मी मुद्दाम नव्हता ठेवला," मी म्हटलं. "तुझ्या तोंडात जाऊ नये म्हणूनच तो डबा वेगळा केला होता. चुकून गेला. रविवारपासून मी भीतीनं अर्धी झालेय."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती समोरच्या भिंतीकडे बघायला लागली. म्हणाली, "म्हणजे तुला अजूनही तसंच वाटतं. माझ्याकडूनच काहीतरी झालं."

नाही म्हणायचं होतं. पण मग रविवारपासूनची माझी भीती कसली होती? तिच्या गावातल्या बायकांना मी मनातल्या मनात हसत होते आणि त्यांच्यापेक्षा जास्त घाबरले होते. मला स्वतःची लाज वाटली, इतकी की डोळे वर करता येईनात.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "रविवारचं म्हणत नाही मी. तो प्रश्न विचारला ते चुकलं. त्या दिवशी तुला काय झालं होतं, ते मला सांग. खाण्याचं नको. तुझं सांग."

तिनं पदर सारखा केला, पाण्याची बाटली उघडली, परत लावली. तेवढ्यात सासूबाई औषधांची पिशवी घेऊन जिना चढून आल्या. आम्हाला निघायचं म्हणून सांगणार होत्या, पण सुनेचा चेहरा बघून थांबल्या आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बाकावर बसल्या.

मग ती सांगायला लागली, अगदी पहाटे जाग आली तिथपासून. पुष्कळ वेळ सांगत होती. आम्ही दोघींनी मध्ये एकदाही तिला काही विचारलं नाही.