व्यासराजसाठी गप्प केलेले कुकर

हां, तर काल आपण कुकरपाशी थांबलो होतो. आमच्या बिल्डिंगमधल्या सहाही घरांनी शिट्ट्या बंद केल्या, भात पातेल्यात रटरटू लागला. आणि ही अक्कल कुणाची? माझीच.

कुणासाठी, तेही सांगतो. आमच्या वरच्या मजल्यावर व्यासराज राहतो. तंजावरकडचा मराठी, मला तमिळसारखं ‘ताता’, म्हणजे आजोबा, म्हणतो. ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात प्रेसवर आहे. अवाढव्य साचा पत्र्यावर पडतो आणि गाडीचं दार निघतं. दोन माणसं समोरासमोर उभी असतात. दोघांनी दोन्ही हातांनी बटणं दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे हात आत सापडायला नको. सात महिन्यांपूर्वी यंत्राचा ब्रेकच गेला, साचा आपोआप खाली आला आणि समोरच्या कार्तिकेयची तीन बोटं गेली. व्यासराजचा दोष नव्हता, चौकशीतही तेच निघालं. पण प्रेसमधून फुस्सकन हवा सुटते ना, तो आवाज त्याच्या अंगात जाऊन बसला. घरी कुकरची वाफ सुटली की हा घामाने चिंब, टेबल घट्ट धरून उभा. कामावर जाईना. साहेब भला माणूस. म्हणाला, ‘पोंगलपर्यंत प्रेसवरची जागा तुझी, नंतर स्टोअरमध्ये खुर्ची देतो.’ व्यासराजला प्रेसच हवी होती. अठरा वर्षं मुरलेला कारागीर तो.

आता आम्ही शहाणे. कुकर बंद, ‘कारखाना’ हा शब्द बंद. शिवाय मी रोज संध्याकाळी वर जाऊन गावाकडच्या गोष्टी सांगायचो, त्याचं मन रमावं म्हणून. चार महिन्यांत गडी मिक्सरलाही दचकायला लागला.

मग त्याची बायको दिव्यश्री त्याला रंजनीबाई म्हणून समुपदेशक आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेली. मीही गेलो, न बोलावता. बाई म्हणाल्या, "तुम्ही एकेक आवाज काढून घेता, तसं त्यांच्या मनाला पटत जातं की खरंच काहीतरी धोका असणार."

मी म्हटलं, "आमचा ढवळ्या बैल एकदा ओढ्यात घसरला. मग पाण्याजवळ जाईना. वडील त्याला रोज काठाशी चारायला न्यायचे, रोज चार पावलं पुढे. पंधरवड्यात उतरला की."

"आजोबा, एवढं माहीत होतं तर कुकर का बंद केलेत?"

दिव्यश्री म्हणाली, "ताताकडे हजार गोष्टी आहेत हो. लागते ती तेवढी वेळेवर सापडत नाही."

मग ठरलं. पहिली शिट्टी माझ्या घरी, तळमजल्यावर, आणि व्यासराज गच्चीत. कधी होणार ते त्याला आधी सांगायचं. त्याने पाय जमिनीला टेकवून, सावकाश श्वास सोडत उभं राहायचं, भीती ओसरेपर्यंत पळायचं नाही. पुढच्या आठवड्यात जिन्यात. मग थेट आमच्या ओट्यापाशी. तिकडे रंजनीबाईंपुढे अपघात पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा, दर खेपेला. मला तेव्हा बाहेर बसवायचे, आणि ते बरोबरच होतं. सुरुवातीला तो बोटांपाशी अडायचा. पुढे पुढे नंतरचंही आठवलं. त्यानेच कार्तिकेयचा हात कापडात बांधून त्याला गाडीत बसवलं होतं. हे तो विसरूनच गेला होता. त्या दिवशी घरी आला तो ताठ मानेने.

पोंगलच्या आधीच्या सोमवारी तो कंपनीच्या बसमध्ये चढला. मी दुपारपासून फाटकाशी खुर्ची टाकून. चार वाजता बस आली. दिव्यश्री वरून वाकून बघत होती.

"काय रे, प्रेस की स्टोअर?"

"प्रेस, ताता. पहिल्या दाराला पाय टेकवले, सावकाश श्वास सोडला. थांबलो, मग दाबलं. जेवणापर्यंत दोनशे दारं काढली. स्टोअरची खुर्ची कार्तिकेयला द्या, असं साहेबांना सांगून आलोय."