धरणाच्या पोटातला हरभरा

पुण्याहून निघताना सरांचं वाक्य कानात होतं. "ते डाग पुसून टाक, नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही." मी डागांचं चित्र पिशवीत घातलं आणि छत्रपती संभाजीनगरची एसटी धरली.

आमचं काम सांगायला सोपं आहे. उपग्रहावरच्या रडारच्या चित्रात संथ पाणी काळं दिसतं आणि ढेकळांची जमीन उजळ. त्यावरून धरणाचं पाणी कुठवर आहे ते ओळखायचं आणि ते किती चढू द्यायचं हे आपोआप ठरवणारी यंत्रणा बांधायची. माझ्या चित्रात जायकवाडीच्या जलाशयात उजळ चौकोन उमटले होते. सर म्हणाले, धरणात कोणी शेती करत नाही, हे डाग म्हणजे यंत्राचा दोष. पण दोषाला इतक्या सरळ कडा कशा येतील?

संभाजीनगरला उतरून आधी नान-खलिया (मसालेदार रश्श्यातलं मटण आणि मऊ नान) हाणला. उपाशीपोटी भांडता येत नाही. मग पैठणची गाडी. कंडक्टरने विचारलं, "दर्शनाला का पैठणी घ्यायला?"

"धरणातली जमीन बघायला."

"बघा की, पाणी लई मागं हटलंय," म्हणत त्याने तिकीट फाडलं.

पैठणहून रिक्षाने काठावरच्या एका गावाला गेले. काठ संपून गाळ सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या पावलाला माझी चप्पल त्यात गडप झाली. पुढे हरभरा उपटणारी एक म्हातारी हसली. तिचं नाव द्रुपदाबाई.

"सोडा ती चप्पल, ताई. गाळ घेतलेलं माघारी देत नाय."

ही गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी). मी तिच्यापुढे चित्र धरलं आणि चौकोन दाखवला. तिने हात लांब केला.

"ते चिंचेचं खोड दिसतंय? तिथून त्या पडक्या विहिरीपत्तूर माझ्या सासऱ्याचं रान. धरणात गेलं. पाणी दरसाली बांध मिटवतंय, आम्ही दरसाली पुन्हा घालतो."

"कोणी अडवत नाही?"

"अडवतेत की. कागदावर इथं पाणी हाय म्हणं. मंग हे काय उगवलंय?"

मला भयंकर राग आला. मी डाग पुसले असते, तर आमच्या शहाण्या यंत्रणेने या रानावर खुशाल पाणी चढवलं असतं आणि चित्रात चूकही दिसली नसती.

निघताना तिने डहाळ्याची (घाट्यांसकट उपटलेल्या हरभऱ्याची) जुडी हातात कोंबली. पैठणला येऊन पैठणीऐवजी रबरी चपला घेऊन परतणारी मी बहुधा पहिलीच.

परतीच्या गाडीत ठरवून टाकलं. प्रबंध अडला तर अडू दे. जी माणसं दरसाल धरणाशी हुज्जत घालतात, त्यांचं रान माझ्या हातून बुडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मान वर न करता विचारलं, "काढलेस डाग?"

मी जुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. मुळांचा गाळ त्यांच्या कागदांवर सांडला.

"नाही, सर. त्यातलाच एक उपटून आणलाय. सोलून खा."