ओली भट्टी

डिंगोरे गावात आमचा कुंभारकीचा आवा होता. मडकी भाजून जाळ विझला, तरी पुढचे दोन दिवस आई कुणाला आव्याजवळ फिरकू देत नसे. "आवा ओला हाय अजून," म्हणायची. तापलेल्या आव्याला ओला म्हणते म्हणून मी तिची चेष्टा करायचे. कॉलेजात जायला लागल्यावर तर जरा जास्तच.

पुढे भूशास्त्रात एमएस्सी झाले आणि सन दोन हजारच्या आसपास मंचरजवळच्या एका फरशीच्या कारखान्यात भट्टीवर नोकरी लागली. पहिल्या दोन्ही खेपांना फरश्या तडकल्या. मालक म्हणाले, "बाई, तिसरी खेप बिघडली तर दुसरीकडं बघा." पहिलीच नोकरी हातची जाणार, या धास्तीनं मला घास गिळेना. दोष मात्र मी मातीला देत होते.

गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथं आईला बोलावून घेतलं. रडतच सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "गार कशी केली भट्टी?"

"पंखा लावून. घाई व्हती."

"आगं, भट्टी ओली व्हती ना! ओल्या बाळंतिणीला कुनी वारा लागू देतं का?"

ओला म्हणजे हा ओला होय! मग परीक्षेत लिहिलेलं उत्तर आठवलं. फरशीच्या मातीत गारगोटीची भुकटी असते. पाचशे त्र्याहत्तर अंशांच्या पुढे तापली की गारगोटीच्या स्फटिकातले अणू किंचित सरकून ऐसपैस बसतात. निवताना त्याच अंशाला ते पुन्हा अंग चोरतात आणि कण एकदम आकसतो. फरशी सगळीकडून सावकाश निवली तर ते सोसतं. वारा लागलेली बाजू आधी आकसली की तडा गेलाच. या उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

तिसऱ्या खेपेला मी पंखा लावलाच नाही, झडपही बंद ठेवली. सहाशेपासून पाचशेपर्यंत काटा मुंगीच्या पावलानं उतरू दिला. मालक दोनदा घड्याळ दाखवून गेले. "अजून ओली आहे," म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. दार उघडल्यावर एकेक फरशी बोटानं वाजवून पाहिली. सगळ्या खणखणीत.

ज्या शब्दाला मी इतकी वर्षं हसले, त्यानंच माझी भाकरी वाचवली. आईचे हे उपकार कसे फेडायचे, मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी पुन्हा दुकानात फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "आई, बाळ-बाळंतीण सुखरूप."

ती कितीतरी वेळ हसत होती. मग म्हणाली, "आता तरी जेव."